एक वर्ष माकडांच्या मागे: होकार देण्यापूर्वी प्रकल्पाला काय विचारावे

तुम्ही लिहिले आहे की प्राणिशास्त्रातील एम.एस्सी. नुकतीच पूर्ण झाली असून, कोस्टा रिकामधील कपुचिन माकडांच्या वर्तनावर काम करणाऱ्या एका संशोधन प्रकल्पात १२ महिने फील्ड असिस्टंट म्हणून जाण्याची संधी समोर आहे. राहणे-जेवणे प्रकल्पाचे, विमानभाडे आणि विमा तुमचा, मानधन नाही. दुसरा पर्याय म्हणून युगांडातील चिंपांझींच्या एका प्रकल्पाशीही पत्रव्यवहार चालू आहे. अमरावतीला घरच्यांचे म्हणणे असे की पदरमोड करून वर्षभर माकडांमागे हिंडण्यापेक्षा नेट-सेटचा अभ्यास करावा, आणि तुम्हाला पडलेला प्रश्न असा की हे शिक्षण आहे की वेठबिगारी. जाता जाता दुर्बीण कोणती घ्यावी, हेही विचारले आहे.

मी कोस्टा रिकाच्याच वायव्य भागात, ग्वानाकास्ते प्रांतातील कोरड्या जंगलात, १४ महिने असेच बिनपगारी काम केले आणि त्यानंतर ४ वर्षे नव्या सहायकांना तयार करण्याचे काम पगारावर केले. त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत; मात्र माझा अनुभव कपुचिनांचा आणि त्या जंगलाचा आहे, चिंपांझींबद्दल मी लिहीन ते सहकाऱ्यांकडून शिकलेले आहे. तुमच्यावर शैक्षणिक कर्ज असेल किंवा घर तुमच्या कमाईची वाट पाहत असेल, तर हे वर्ष परवडणारे नाही, आणि तसे सांगून नकार देण्यात काहीही कमीपणा नाही. या क्षेत्रात बिनपगारी वर्षाची जी अपेक्षा रूढ झाली आहे तिच्यामुळे ज्यांच्या घरी पैसा आहे तेच पुढे सरकतात, हा आक्षेप संशोधकांमधूनच घेतला जातो आणि तो मला मान्य आहे. घरचा हिशेब तुम्हीच करू शकता, म्हणून तो तुमच्यावर सोडून पुढचे लिहिते.

शिक्षण की वेठ, हे केवळ मानधनावरून ठरत नाही. पगार देऊनही काहीच न शिकवणारे प्रकल्प मी पाहिले आहेत. माझ्या मते ते एका गोष्टीवरून ठरते: तुम्ही केलेली नोंद बरोबर आहे की नाही हे तिथे कोणी तपासते का, आणि त्या तपासणीत तुम्ही उतरेपर्यंत तुमची नोंद मुख्य डेटामध्ये घेण्याचे नाकारते का. जो प्रकल्प नवख्या माणसाची नोंद पहिल्या आठवड्यापासून मुकाट्याने स्वीकारतो, त्याला एकतर तुमच्या नोंदीची गरज नाही किंवा तिच्या खरेपणाची फिकीर नाही, आणि दोन्ही परिस्थितींत तुमच्या पदरी फारसे काही पडणार नाही. हे का म्हणते ते कळण्यासाठी कामाचे स्वरूप थोडे सांगावे लागेल.

कपुचिनांची टोळी साधारण १५ ते २० जणांची, कधी त्याहून बरीच मोठी असते. टोळी रात्री ज्या झाडावर झोपली ते झाड आदल्या संध्याकाळी हेरून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी त्याच्या खाली जाऊन उभे राहायचे, कारण टोळी एकदा उठून निघून गेली की त्या दिवशी सापडेलच असे नाही. ती पुन्हा झोपेपर्यंत तिच्यासोबत राहायचे. विषुववृत्त फार दूर नसल्याने दिवस वर्षभर १२ तासांच्या आसपासच राहतो. जाण्यायेण्याचा वेळ धरला की १३-१४ तास होतात, आणि रात्री मुक्कामी येऊन दिवसाच्या नोंदी संगणकावर उतरवायच्या असतात. डिसेंबर ते एप्रिल पाऊस जवळजवळ नसतो, बहुतेक झाडांची पाने गळतात, उन्हाळ्यातल्या विदर्भासारखी काहिली होते आणि कपड्यांवर गोचिडांची बारीक पिल्ले शेकड्यांनी चढतात. मेपासून पाऊस सुरू झाला की तेच रान आठवड्याभरात इतके दाट होते की दहा पावलांवरचे माकड दिसेनासे होते. अमरावतीची मुलगी उन्हाला घाबरणार नाही असे मी धरून चालते, पण पावसाळ्यातल्या जंगलाने मला अधिक थकवले.

त्या रानात आपल्या बाभळीच्या कुळातले एक झाड आहे, ज्याचे काटे बैलाच्या शिंगांसारखे जाड आणि आतून पोकळ असतात. त्या पोकळीत मुंग्या राहतात आणि झाडाचे रक्षण करतात. कपुचिन वर बसून काटे फोडतो, आतल्या अळ्या खातो, आणि चवताळलेल्या मुंग्या खाली मान वर करून पाहणाऱ्या निरीक्षकाच्या मानेवर पडतात. ही गंमत झाली. मधमाश्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या मधमाश्या आफ्रिकी वंशाच्या, लवकर बिथरणाऱ्या आणि दूरवर पाठलाग करणाऱ्या आहेत. डंखाची ॲलर्जी असेल तर ती लपवू नका, आणि ती आहे की नाही हेच ठाऊक नसेल तर जाण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. सापही आहेत, परंतु कपुचिन साप दिसताच विशिष्ट आवाज काढून ओरडतात, आणि माझ्या पायापासून दोन हातांवर वेटोळे घालून बसलेला खुळखुळ्या साप मला एका जेमतेम वर्षाच्या पिलाने दाखवला होता. कोस्टा रिकामध्ये क्लोदोमिरो पिकादो ही संस्था तिथल्या सापांवरचे प्रतिविष तयार करते. जवळच्या कोणत्या दवाखान्यात ते मिळते आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे प्रकल्पाने तुम्हाला न अडखळता सांगता आले पाहिजे.

आता नोंदीकडे वळू. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये प्राणिवर्तनाच्या नोंदींच्या पद्धतींवर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि आज तुम्हाला माकड-वानरांच्या (प्रायमेट) कोणत्याही प्रकल्पात जे शिकवतील त्याचा पाया तोच आहे. त्यापूर्वी निरीक्षक बहुधा डोळ्यांत भरेल ते लिहीत. भांडण डोळ्यांत भरते, झोपणे भरत नाही. मोठा नर नजरेत येतो, कडेला बसलेली तरुण मादी येत नाही. साहजिकच वहीतील माकडे खऱ्या माकडांपेक्षा कितीतरी भांडखोर निघत. यावरचा एक उपाय म्हणजे फोकल नोंद: आधी ठरलेल्या क्रमाने एकच माकड घ्यायचे, ठरावीक वेळ, समजा १० मिनिटे, फक्त त्याच्याकडे पाहायचे, आणि ते काय करते, कोणाजवळ बसते, कोण त्याच्या जवळ येते हे सर्व ठरलेल्या संकेतांत टिपायचे. बाजूला कितीही मोठी मारामारी जुंपली तरी नजर हलवायची नाही. सांगायला सोपे आहे, पण पहिले दोन महिने हे जवळजवळ कोणालाच जमत नाही.

त्याहून अवघड काम म्हणजे ओळख. टोळीतील प्रत्येक माकड चेहऱ्यावरून, डोक्यावरच्या काळ्या टोपीच्या कडेवरून, भुवयांच्या ठेवणीवरून, जुन्या जखमेच्या व्रणावरून, तेही पानांआडून आणि पाठमोरे ओळखता आले पाहिजे. माझ्या टोळीत दोन प्रौढ बहिणी होत्या. एकीच्या वरच्या ओठावर छोटा व्रण होता आणि मी त्या व्रणावरच विसंबून राहिले. चौथ्या महिन्यात दुसरीलाही भांडणात जवळपास त्याच जागी जखम झाली, आणि मी तीन आठवडे दोघींची अदलाबदल करत राहिले. दर महिन्याला होणाऱ्या तपासणीत एक अनुभवी स्थानिक सहायक माझ्यासोबत उभा राहून स्वतंत्रपणे नोंद करत असे आणि मग दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या जात, तेव्हा ते उघड झाले. ते तीन आठवडे डेटामधून काढून टाकण्यात आले. मला त्या रात्री जेवण गेले नाही, पण आज मी त्या तपासणीची ऋणी आहे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचे एक उदाहरण देते. ग्वानाकास्तेतील लोमास बार्बुदाल येथे सुझन पेरी यांनी १९९० पासून कपुचिनांचा अभ्यास चालवला आहे. तिथे लुहेआ नावाच्या झाडाच्या फळांतून बिया काढण्याच्या दोन पद्धती माकडांत दिसतात: काही जण फळ फांदीवर आपटतात, काही जण घासतात. दोन्हींनी काम भागते. तरीही वाढत्या वयातले माकड भोवतालच्या मोठ्यांमध्ये जी पद्धत अधिक वेळा पाहते तीच बहुधा उचलते, असे अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसून आले. आता विचार करा: कोणत्या माकडाने कोणाला, कोणती पद्धत वापरताना, किती जवळून पाहिले, हे सारे फील्ड असिस्टंटनी उन्हातान्हात टिपले होते. त्यांपैकी काहींनी बहिणी-बहिणींत माझ्यासारखा घोळ घातला असता आणि तो पकडला गेला नसता, तर त्या निष्कर्षाला काही आधार उरला नसता.

म्हणून प्रकल्पाला पुढचे पत्र लिहाल तेव्हा हे विचारा: प्रशिक्षण किती आठवड्यांचे असते, ओळखीची परीक्षा कशी होते, दोन निरीक्षकांच्या नोंदी किती वेळा ताडून पाहिल्या जातात, आणि नापास झालेल्याचे काय करतात. चांगल्या प्रकल्पाचा संचालक या प्रश्नांनी खूश होतो आणि पानभर उत्तर लिहितो. जिथे उत्तराऐवजी निसर्गसौंदर्याचे वर्णन येते, किंवा ज्यांच्या जाहिरातीत स्वयंसेवकाच्या खांद्यावर माकड बसलेले दिसते, तिथे जाऊ नका. रानातल्या माकडाला हात लावणे हे वर्तन-अभ्यासातल्या स्वयंसेवकाचे काम नसते. स्वयंसेवकाकडूनच दर आठवड्याला शुल्क घेणारी ठिकाणेही असतात. त्यांतली सगळीच वाईट नाहीत, पण तिथे तुम्ही बहुधा ग्राहक असता, आणि ग्राहकाला नापास कोण करणार?

दुसरा प्रश्न स्थानिक माणसांचा. टांझानियातील गोंबे येथे जेन गुडॉल यांनी १९६० मध्ये चिंपांझींवर काम सुरू केले आणि पुढे परदेशी विद्यार्थ्यांचा तिथे राबता झाला. मे १९७५ मध्ये सशस्त्र टोळीने तिथून ४ विद्यार्थ्यांचे अपहरण केले. ते पुढे सुटले, पण परदेशी विद्यार्थी तिथून गेले आणि चिंपांझींच्या रोजच्या नोंदींची जबाबदारी टांझानियन सहायकांवर आली. त्यांनी ती अखंड चालू ठेवली. दीर्घकाळ चाललेले प्रकल्प अशा माणसांवर उभे असतात. तेव्हा तुमच्या प्रकल्पात स्थानिक पगारी सहायक किती आहेत, किती वर्षांपासून आहेत, आणि ते असताना तुमची गरज नेमकी कशासाठी आहे, हे विचारा. स्थानिक माणूस एकही नसेल आणि सगळा गाडा दरवर्षी बदलणाऱ्या बिनपगारी परदेशी मुलांवर चालत असेल, तर तुम्हाला शिकवणारे कोणी नसेल. कोस्टा रिकाला जायचे तर स्पॅनिश तोडकीमोडकी का होईना, आधी शिकून घ्या. मला निम्म्या गोष्टी ज्याने शिकवल्या त्याला इंग्रजीचे चार शब्दही येत नव्हते.

तिसरी गोष्ट लिहायला अवघड आहे, पण तुमच्या आईवडिलांच्या मनात ती नक्की असणार. २०१४ मध्ये चार संशोधिकांनी क्षेत्रकार्य करणाऱ्या ६६६ शास्त्रज्ञांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यांतील ६४ टक्के जणांनी क्षेत्रावर लैंगिक छळाचा अनुभव आल्याचे सांगितले, आणि बहुतेक बळी विद्यार्थी किंवा नवशिके होते. हे रानामुळे होत नाही. वरिष्ठ एक, बाकी सगळे त्याच्या शिफारसपत्रावर अवलंबून, आणि तक्रार करायची तर त्याच्याकडेच, या रचनेमुळे होते. आचारसंहिता लेखी आहे का, आणि संचालकाला वगळून विद्यापीठातील कोणाकडे थेट तक्रार करता येते, हे विचारायला संकोच करू नका. शिवाय आदल्या वर्षीच्या किमान दोन सहायकांचे संपर्क मागा, त्यातील एक मुलगी असू द्या, आणि त्यांच्याशी लेखी नव्हे तर फोनवर बोला. लेखी उत्तरात माणसे जपून शब्द वापरतात.

विम्याबाबत एकच सांगते. दुसऱ्या एका देशातील प्रकल्पात माझ्या मैत्रिणीचा पाय मोडला, आणि तिच्या प्रवास-विम्यात दुर्गम भागातून रुग्ण हलवण्याचा खर्च धरलेला नाही हे तिला तेव्हा कळले. पॉलिसी घेताना ते कलम स्वतः वाचा.

भारतीय पारपत्रामुळे येणाऱ्या अडचणी परदेशी प्रकल्पांना बऱ्याचदा ठाऊक नसतात, त्यामुळे त्या तुम्हीच पुढे होऊन निस्तराव्या लागतील. मुंबईहून कोस्टा रिकाला थेट विमान नाही, आणि अमेरिकेमार्गे जायचे तर केवळ विमान बदलण्यासाठीही आपल्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट पाहून ते आधी काढू नका. कोस्टा रिकाचा दूतावास दिल्लीत आहे. पर्यटक म्हणून शिरून वर्षभर राहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, संशोधन परवान्यात तुमचे नाव आहे याची लेखी खात्री मागा. रेबीजची लस जाण्यापूर्वीच घ्या. युगांडाला गेलात तर पीतज्वराची लस सक्तीची आहे. तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी वैध होते, ते नसेल तर परतताना भारतातही विलगीकरणात ठेवतात, आणि ही लस कोणत्याही दवाखान्यात नव्हे, सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

चिंपांझींच्या प्रकल्पात आणखी एक गोष्ट येईल. आपले आजार त्यांना सहज होतात: युगांडातील किबाले जंगलात, कान्यावारा येथे, २०१३ मध्ये माणसातील साध्या सर्दीच्या एका विषाणूने ५ चिंपांझी दगावले. म्हणून तिथे आल्यावर काही दिवस वेगळे ठेवतात, मुखपट्टी बांधून ठरलेले अंतर राखायला लावतात, आणि येण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी मागतात. आपल्याला लहानपणी बीसीजी ही क्षयरोगाची लस टोचलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी आजार नसतानाही सकारात्मक येऊ शकते आणि तिकडचा डॉक्टर गोंधळून नकार देऊ शकतो. बीसीजीचा परिणाम न होणारी इग्रा ही रक्ताची चाचणी करून घ्या आणि तिचा अहवाल सोबत पाठवा.

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पुढच्या बेतावर अवलंबून आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल तर घरचे बरोबर म्हणत आहेत. त्या वाटेवर नेट-सेट लागते आणि कपुचिनांचे वर्ष तिथे कोणी मोजणार नाही. प्राणिवर्तनात पीएच.डी. करायची असेल, विशेषतः बाहेर, तर हे वर्ष फार मोलाचे ठरू शकते, कारण ज्याने तुमच्या नोंदी तपासल्या तो माणूस शिफारसपत्रात नेमके काय ते लिहू शकतो: ही मुलगी २० माकडे ओळखते, हिच्या नोंदी अनुभवी सहायकाच्या नोंदींशी इतक्या जुळतात, पावसाळ्यात चौथ्या महिन्यात ही कंटाळून घरी गेली नाही. असे पत्र गुणपत्रिकेतून मिळत नाही. आणि दोन्हींपैकी काय हवे हेच ठरले नसेल, तर वर्ष खर्च करण्यापूर्वी ते तुम्हाला अमरावतीत बसूनच बरेचसे ठरवता येईल.

कसे ते सांगते. तुमच्याकडे वानरे मुबलक आहेत. वस्तीजवळच्या ज्या टोळीला माणसांची सवय आहे अशी एक टोळी निवडा. मेळघाटच्या संरक्षित जंगलात अभ्यासासाठी शिरायला वन विभागाची परवानगी लागते, त्यामुळे तिथे जाऊ नका. त्या टोळीला खाऊ घालायचे नाही, आणि अंतर राखायचे. पहिले पाच दिवस काहीही लिहू नका, फक्त ओळखायला शिका. हुप्प्या पहिल्याच दिवशी कळेल, त्याला मोजू नका. पाच माद्या चेहऱ्यावरून पाठ करा. त्यानंतर दहा दिवस सकाळी उजाडण्यापासून तीन तास, चिठ्ठी काढून ठरवलेल्या मादीवर १० मिनिटांची फोकल नोंद करा: खाते, चालते, बसते, दुसरीचे केस विंचरते, आणि सर्वांत जवळ कोण आहे. शेवटचे दोन दिवस एखाद्या मैत्रिणीला सोबत घ्या, दोघींनी एकमेकींशी न बोलता त्याच मादीची नोंद करा आणि संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवा. दोन्ही कागदांत इतका फरक निघेल की तुम्हाला धक्का बसेल. तो फरक पाहून चिडून पुन्हा जावेसे वाटले, तर कोस्टा रिकाला होकार कळवा; सातव्या दिवशीच वानर दोन तास नुसते बसून पाने खाते याचा वैताग आला असेल, तर कपुचिनही बराच वेळ नुसते खातच असतात. तो कागद प्रकल्पाच्या मुलाखतीत दाखवायलाही उपयोगी पडतो. मी निवड करत असताना असा एखादा कागद घेऊन आलेल्या उमेदवाराला क्वचितच परत पाठवले असेल.

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, घ्या. दहा पटींची घेण्याचा मोह होतो, पण मान वर करून तासभर धरल्यावर हात कापतो आणि चित्र हलते, शिवाय पानांआडचे माकड शोधायला रुंद दृश्य लागते. पाणी आत न जाणारी आणि आतून बाष्प न धरणारी असली पाहिजे, कारण मेनंतर साध्या दुर्बिणीच्या भिंगांवर आतून बुरशी चढते. पट्टा मात्र सोबत येतो तो टाकून द्या आणि दोन्ही खांद्यांवरून पाठीवर येणारा घ्या, नाहीतर महिन्याभरात मान धरेल.